चेगरची टेकडी आणि न आलेली कुमक

मित्रहो, पत्रिकेवर ‘चेगरची लढाई सर्ब का हरले?’ असा विषय छापलाय. तिकडे मी येतोच. पण माझी तक्रार सुरू होते ती कवट्यांच्या मनोऱ्यापासून, म्हणून आधी तिथे जाऊ.

दक्षिण सर्बियात निश नावाचं शहर आहे. बेलग्रेडहून इस्तंबूलला जाणारा जुना रस्ता तिथूनच जातो. सर्बांचा पुढारी काराजॉर्जे याचं तुर्की सत्तेविरुद्धचं १८०४चं बंड, त्या आधीची गावप्रमुखांची कत्तल, हे सगळं मागच्या व्याख्यानात झालंय. ते पुन्हा सांगत नाही. तर या निशच्या वाटेवर १८०९ साली तुर्कांनी, म्हणजे त्यांचा सेनापती खुर्शीद पाशाने, चेगरच्या लढाईत पडलेल्या सर्बांच्या कवट्या चिणून मनोरा उभारला. कातडी सोलून, पेंढा भरून इस्तंबूलला रवाना झाली आणि कवट्या भिंतीत बसल्या. चार बाजू, प्रत्येक बाजूला चौदा ओळी, एकूण ९५२ कवट्या. लोक रात्री येऊन आपापल्या माणसांच्या कवट्या काढून पुरू लागले. आज ५८ उरल्यात. बाकी सगळे खळगे! कवटीपेक्षा तो रिकामा खळगा जास्त बोलतो, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं. कुणाचा तरी भाऊ किंवा बाप जिवावर उदार होऊन अंधारात तिथे आला असणार. १८९२मध्ये मनोऱ्यावर प्रार्थनामंदिर बांधून छप्पर घातलं, म्हणून जे उरलं ते टिकलं.

मी एका सहलीबरोबर गेलो होतो. तिथे थांबायला वीस मिनिटं दिली. फोटो काढले, पाण्याच्या बाटल्या घेतल्या, चला बसमध्ये! मी विचारलं, “आणि टेकडी?” मार्गदर्शक म्हणाला, “कुठली टेकडी?” अहो, ही माणसं जिथे मेली ती चेगरची टेकडी! चार-दोन मैलांवर तर आहे. पण ती कार्यक्रमातच नव्हती. याचा मला आजही राग येतो. मेलेल्यांची डोकी पाहायची आणि ते का मेले ते विचारायचंच नाही?

दुसऱ्या दिवशी टॅक्सी करून एकटा गेलो. वर १९२७ साली बांधलेलं बुरुजासारखं स्मारक आहे. भोवती गवत, खाली निशची घरं. तिथे तासभर बसलो. आजूबाजूच्या टेकड्या हाताच्या अंतरावर दिसतात. हे ‘दिसतात’ तेवढं लक्षात ठेवा, त्याचं काम पडणार आहे.

पाच मिनिटांची चिठ्ठी आली! आता घाईनेच सांगतो.

१८०९च्या वसंतात काराजॉर्जेने एकाच वेळी अनेक आघाड्या उघडल्या आणि तो स्वतः नोवी पाझारच्या दिशेने गेला. निशकडच्या फौजेचं सेनापतिपद मिलोये पेत्रोविचला मिळालं. ते आपल्याला मिळायला हवं होतं, असं दुसरा सरदार पेतार दोब्रन्याच याला वाटत होतं. आणखी एक सरदार, हाय्दुक वेल्को, याचंही मिलोयेशी जमेना. निशसमोर सहा ठिकाणी मोर्चे खणले. सर्वांत पुढचा, चेगरचा मोर्चा रेसावा भागातल्या स्टेव्हन सिंजेलिचकडे, सोबत सुमारे तीन हजार माणसं. सर्ब वाट बघत बसले आणि तेवढ्यात तुर्कांना नवी फौज येऊन मिळाली. ३१ मे रोजी हल्ले सुरू झाले. लाटेमागून लाट आली, खंदक प्रेतांनी भरले, त्यांच्यावरूनच पुढचे तुर्क आत घुसले. शेवटी सिंजेलिचने दारूगोळ्याच्या साठ्यावर पिस्तूल झाडलं. तो गेला, त्याची माणसं गेली आणि तटावर चढलेले तुर्कही गेले.

आणि बाकीचे पाच मोर्चे? त्यांना चेगर दिसत होतं, धूर दिसत होता. कुमक आली नाही. माझं म्हणणं एवढंच आहे: लढाई तुर्कांच्या संख्येने नंतर हरवली, सेनापतिपदाच्या भांडणाने आधीच हरवली होती. सिंजेलिचच्या स्फोटाची गोष्ट इतकी दिपवणारी आहे की त्या उजेडात हे पाच मोर्चे कुणाला दिसतच नाहीत. उरलेली फौज मागे हटली आणि तुर्कांना उत्तरेची वाट मोकळी झाली. चार वर्षांनी, १८१३त, बंडच चिरडलं गेलं. मिलोश ओब्रेनोविचचं १८१५चं बंड पुढच्या वेळी घेऊ.

मोर्च्यांचा नकाशा मी आणलाय. चहाच्या टेबलापाशी उलगडून ठेवतो, ज्यांना पाहायचाय त्यांनी या.