वळणदार अक्षर कुणाचं? राजाचं की कारकुनाचं?

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली पुन्हा पुन्हा एकच प्रश्न येतोय : जुन्या युरोपात अक्षर सुंदर म्हणजे माणूस खानदानी, असंच होतं ना?

आधीचं पटकन सांगते. पिसाची लेखणी, शाई, कागद, हे तुम्हाला माहीत आहेच. इटलीतल्या विद्वानांनी पंधराव्या शतकात तिरपं, सुटसुटीत 'इटॅलिक' वळण घडवलं. १५२२ मध्ये रोममध्ये आरिगी नावाच्या लेखनिकाचा छापील कित्ता निघाला आणि पुढे हे वळण युरोपभर गेलं. इंग्लंडमध्ये रोजचा कारभार 'सेक्रेटरी' वळणात चाले, त्यामुळे इटॅलिक ही शिकल्या-सवरल्या घराची खूण झाली. १५४४ मध्ये दहा वर्षांच्या एलिझाबेथने, म्हणजे पुढे इंग्लंडची राणी झालेल्या पहिल्या एलिझाबेथने, सावत्र आईला, राणी कॅथरीन पारला, पत्र लिहिलं. भाषा इटालियन, वळण इटॅलिक! मजकूर वाचण्याआधीच शिक्षण दिसतं.

पण खरी गोम पुढे आहे. खानदानी वळण वेगळं आणि सुबक अक्षर वेगळं! शेक्सपिअरच्या नाटकातला हॅम्लेट आठवा. राजपुत्र स्वतः सांगतो की सुवाच्य लिहिणं आपल्याला कमीपणाचं वाटायचं, ती विद्या विसरायचा आपण प्रयत्न केला. का? सुवाच्य लिहिणं हे पगारी लेखनिकाचं काम. स्पॅनिश विद्वान व्हिव्हेसने तर विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या संवादांत, गचाळ अक्षराला मोठेपणा समजणाऱ्या सरदारांना चांगलंच फटकारलंय.

माझे आजोबा कचेरीत कारकून होते. अक्षर मोत्यासारखं. पानं आजोबा लिहीत, साहेब खाली फक्त सही करत, आणि ती सही कुणालाच लागत नसे. तिकडेही तेच. पत्र चिटणीस लिही, धनी शेवटी सही करी. म्हणून धन्याने अख्खं पत्र स्वहस्ते लिहिलं, तर तो मोठा मान. अक्षर कसंही असो, त्याने स्वतः हात झिजवला याचं मोल होतं.

आणि कृपा करून लग्नपत्रिकेवरच्या 'कॉपरप्लेट'ला राजेशाही अक्षर म्हणू नका! एका कॉमेंटमध्ये तर त्याला मध्ययुगीन म्हटलंय. तांब्याच्या पत्र्यावर कोरून कित्ते छापत, त्यावरून हे नाव पडलं. अठराव्या शतकात लंडनमध्ये हे वळण गिरवलं जायचं ते मुख्यतः व्यापाऱ्यांच्या पेढीवर, हुंड्या आणि हिशेबाच्या वह्यांसाठी.

आता स्क्रीनवर बघा. डावीकडे दहा वर्षांची एलिझाबेथ, एकेक अक्षर जपून काढलेलं. उजवीकडे उतारवयातली राणी, तिच्याच हातची घाईची, ओढलेली अक्षरं. चुकलं तर कान धरणारं आता कुणी उरलं नव्हतं.