मायक्रॉनांचं कोरीवकाम

(दृश्य: केसावरच्या खाचा, सूक्ष्मदर्शकातून)

हा माणसाचा केस. या खाचा एक्सायमर लेसरने, म्हणजे अतिनील किरणांच्या लेसरने पाडल्यात. चष्म्याचा नंबर घालवायच्या लेसिक शस्त्रक्रियेत हाच लेसर डोळ्यावर चालतो. कडा बघा, कुठे जळल्याची खूण नाही. 1981 साली न्यूयॉर्क राज्यातल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत मद्रासहून गेलेले रंगस्वामी श्रीनिवासन, जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम यांनी हा 193 नॅनोमीटर तरंगलांबीचा किरण प्राण्यांच्या ऊतींसाठी वापरायचं मनावर घेतलं. पहिला प्रयोग झाला थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्यावर! हा किरण ऊती भाजत नाही, रेणूंचे बंधच तोडतो. एका पल्समध्ये, म्हणजे एका झोतात, साधारण पाव मायक्रॉनचा थर उडतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

(दृश्य: डोळा, अगदी जवळून)

कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. पण डोळ्याची प्रकाश वाकवायची ताकद साठेक डायॉप्टर (चष्म्याचा नंबरही याच एककात असतो), आणि त्यातले सुमारे 43 इथलेच. हवेतून येणारा प्रकाश सर्वांत जास्त वाकतो तो याच पृष्ठभागावर.

(दृश्य: फ्लॅप उचलताना)

थेंब टाकून डोळा बधिर केलाय. फेम्टोसेकंद लेसरने, म्हणजे अतिसूक्ष्म क्षणांचे झोत सोडणाऱ्या दुसऱ्या लेसरने, सुटा केलेला कॉर्नियाचा शंभरेक मायक्रॉनचा पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, डॉक्टर अलगद उलटतात. तो एका बाजूने जोडलेलाच राहतो. खालचा भाग किंचित मंद दिसतोय, एक्सायमर लेसरचं खरं काम तिथे. मायनस नंबर असेल तर मध्यभागी जास्त कोरायचं, कडेकडे कमी कमी. सहा मिलिमीटर रुंदीच्या भागात एका डायॉप्टरला साधारण 12 मायक्रॉन. म्हणजे मायनस 5 साठी 60. मध्यभाग सपाट होतो, प्रकाश कमी वाकतो आणि दृष्टिपटलाच्या अलीकडेच जुळणारी प्रतिमा नेमकी त्यावर येते. फ्लॅप परत जागेवर, टाका नाही.

(दृश्य: टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या वक्रतेचा रंगीत नकाशा, आधीची आणि नंतरची)

नंतरच्या नकाशात मधोमध हे निळं वर्तुळ, म्हणजे सपाटी. मुळात कॉर्निया मध्ये उठावदार आणि कडेला सपाट होत जाणारा. इथे तो क्रम उलटलाय. त्यामुळे रात्री बाहुली मोठी झाली की काहींना दिव्यांभोवती वलयं दिसतात, शिवाय डोळे कोरडे पडू शकतात.

कोरलेला भाग पुन्हा भरून येत नाही. म्हणूनच कॉर्निया पातळ किंवा वेडावाकडा असेल तर चांगला डॉक्टर सरळ नाही म्हणतो, आणि ते ऐकायलाच हवं. पुढे कधी मोतीबिंदू झाला, तर डोळ्यात बसवायच्या कृत्रिम भिंगाची ताकद ठरवायची नेहमीची सूत्रं या बदललेल्या वक्रतेमुळे चुकू शकतात. तेव्हा शस्त्रक्रियेआधीचा नंबर, वक्रता, जाडी आणि किती मायक्रॉन कोरले, हे लेखी मागून घ्या आणि घरच्यांनाही सापडेल अशा जागी ठेवा.