हाताशी, हातात, हाताबाहेर

एका विद्यार्थ्याने मला रजेसाठी मेसेज पाठवला होता. ‘माय सिस्टर इज गेटिंग मॅरीड विथ अ डॉक्टर. फादर विल बी अँग्री ऑन मी.’ हसू नका. मला शब्द न् शब्द कळला, कारण मुलगा इंग्रजीत मराठीच बोलत होता. आपल्याकडे लग्न डॉक्टरशी होतं आणि वडील माझ्यावर रागावतात. त्याने ‘शी’चं ‘विथ’ केलं, ‘वर’चं ‘ऑन’. इंग्रजीत बहिणीचं लग्न होतं ‘टू अ डॉक्टर’, आणि वडील रागावतात ‘विथ मी’. म्हणजे ‘विथ’ त्याला हवा होताच, फक्त एक वाक्य पुढे!

आपला ‘शी’, ‘त’सारखा प्रत्यय काय किंवा ‘वर’, ‘बाहेर’सारखं शब्दयोगी अव्यय काय, नामाच्या मागून येऊन त्याला चिकटतं. इंग्रजीतलं प्रीपोझिशन नामाच्या आधी, सुटं उभं राहतं. एवढाच फरक असता तर काम सोपं होतं. पण ही चिमुकली मंडळी नामाशी जमली की दोघं मिळून तिसराच अर्थ काढतात.

आता आपला हातच घ्या. ‘डिक्शनरी हाताशी ठेव’, इंग्रजीत ‘ॲट हँड’. ‘काम हातात घेतलं’, तिकडे ‘इन हँड’. ‘पोरं हाताबाहेर गेली’, तिकडेही ‘आउट ऑफ हँड’. किती छान जुळतंय! इथेच आपण गाफील होतो. ‘माझ्या हाताखाली दहा माणसं आहेत’ हे ऐटीत सांगायला जाल आणि ‘अंडर’च्या जोडीला ‘हँड’ आणाल, तर पंचाईत. ‘अंडरहँड’ म्हणजे लबाडीचा, चोरून केलेला. तिकडे नुसतं ‘अंडर मी’ म्हणायचं, हात खिशात ठेवायचा. टेबलाखालून दिलेले पैसे मात्र दोन्हीकडे टेबलाखालूनच जातात.

‘इन टाइम’ आणि ‘ऑन टाइम’ यांत लोक उगाच घाबरतात. अहो, लोकल वेळेवर येते आणि फॉर्म आपण वेळेत भरतो. ठरलेल्या मिनिटाला ते ‘ऑन’, मुदत संपायच्या आत ते ‘इन’. हे तुम्हाला आधीपासून येतंय.

माझ्याकडे एक परदेशी बाई मराठी शिकायला येत. एकदा वही उघडून म्हणाल्या, ‘सर, अंगात आलं, अंगावर आलं, अंगाशी आलं. यायची जागा एकच, मग एका ठिकाणी देवी, दुसऱ्या ठिकाणी कुत्रं आणि तिसऱ्या ठिकाणी नुकसान, हे कसं?’ मी पाच मिनिटं बोललो आणि नियम काही सापडला नाही. आपण तो कधी शिकलोच नव्हतो. आजीच्या तोंडून आख्खं ‘अंगाशी येईल हं!’ ऐकलं आणि ते तसंच उचललं. त्या दिवसापासून मी वर्गात ‘ऑन म्हणजे वर’ हा तक्ता लावणं बंद केलं.

कधीकधी मात्र मूळ सापडतं आणि मजा येते. ‘बाय अँड लार्ज’, म्हणजे एकंदरीत. यातला ‘लार्ज’ म्हणजे मोठा नव्हे. हा शिडाच्या जहाजांवरचा शब्दप्रयोग. समोरून येणाऱ्या वाऱ्याशी जमेल तितकं जवळ राहून जहाज हाकणं हे ‘बाय’, आणि मागून किंवा बाजूने वारा घेऊन सुटणं हे ‘लार्ज’. दोन्ही वाऱ्यांत नीट चालणारं जहाज ते एकंदरीत चांगलं. खलाशी गेले, शिडं गेली, आणि हा शब्दप्रयोग आता कंपन्यांच्या मीटिंगमध्ये फिरतो.

‘बाय हार्ट’चं तर आपण मराठी क्रियापदच केलं, ‘कविता बायहार्ट केली’. आपलं पाठांतर तोंडात, त्यांचं हृदयात. घोकंपट्टी तीच.

मघाशी कुणीतरी विचारलं, ‘इन द कार’ पण ‘ऑन द बस’, असं का? ढोबळ खूण सांगतो. ज्यात उठून चार पावलं चालता येतं ते ‘ऑन’: बस, ट्रेन, विमान, जहाज. ज्यात अंग चोरून बसावं लागतं ते ‘इन’: कार, टॅक्सी, आपली रिक्षा. आणि ‘मुलगा बोटीवर आहे’ असं आपणही म्हणतोच की.

माझा भाऊ नवीन नवीन इंग्रजी शिकत होता तेव्हाची गोष्ट. आईने फोनवर विचारलं, ‘कुठे पोचलास?’ हा ऐटीत म्हणाला, ‘आई, आय ॲम ऑन द बस.’ आईचं इंग्रजी सातवीपर्यंतचं. ती ओरडली, ‘मेल्या, आधी टपावरून खाली उतर!’