शीत लावलेला लिफाफा

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचं आहे परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांच्या मताबद्दल. निवडणूक लागली की माझ्या भाच्याचा मस्कतहून फोन येतो, आणि प्रश्न दर वेळी तोच. "मावशी, मला इथनं पोस्टानं मत पाठवता येईल का गं?" आमच्या कोकणातली किती घरं आखातावर चालतात ते तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा हा प्रश्न तुमच्याही घरी आला असेल. त्याचं उत्तर देते. पण आधी मी स्वतः पाहिलेला एक लिफाफा तुम्हाला दाखवते, म्हणजे उत्तर नीट कळेल.

२३ मे २०१९. लोकसभेची मतमोजणी. मी तेव्हा शाळेत शिकवत होते, आणि शिक्षक म्हटला की निवडणुकीचं काम आलंच. त्या वर्षी मला टपाली मतांचं टेबल मिळालं. पहाटे साडेपाचला घरातून निघाले. फोन घरीच, पिशवीत पोळीभाजीचा डबा आणि चष्मा. सकाळी आठ वाजता टपाली मतं आधी मोजायला घेतात, यंत्रांची मोजणी अर्ध्या तासानं सुरू होते. जाळीच्या पलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी बाकावर बसलेले, हातात कोरे कागद आणि पेन.

आमच्यासमोर गठ्ठा होता सैनिकांच्या आणि सरकारी नोकरीवर परदेशात असलेल्या लोकांच्या लिफाफ्यांचा. यांना मतपत्रिका संगणकावरून जाते. ती तिकडे छापून घ्यायची, खूण करायची आणि टपालानं परत पाठवायची. लिफाफ्यावर चिकटवायचा मजकूरही त्यांनीच छापायचा. त्यामुळे प्रत्येक लिफाफा वेगळा. कुणाचा खाकी, कुणाचा पांढरा, एखादा वहीच्या कव्हराचा. लिफाफ्यावर छापलेल्या क्यूआर कोडवर स्कॅनर धरला की तो टिक् करून वाजायचा.

साडेनऊच्या सुमाराला माझ्या हातात एक लिफाफा आला. त्यावर परदेशी तिकिटं होती. कुठल्या देशाची ते सांगणार नाही. लिफाफा घरी कापून केलेला. कागद जाडसर, घड्या पट्टी लावून घातल्यासारख्या सरळ. आणि जोड होता तिथे कागदाखाली बारीक बारीक उंचवटे. मी बोट फिरवलं. भाताची शितं, श्रोतेहो! वाळून काचेसारखी झालेली. गोंद मिळाला नसेल म्हणून कुणीतरी आपल्या ताटातली चार शितं अंगठ्यानं चिरडून लिफाफा बंद केला होता. माझी आई पंचांगाची फाटलेली पानं अशीच चिकटवायची. आता शाळेतल्या मुलांना साधा लिफाफा करता येत नाही, त्यावर पत्ता कुठे लिहायचा ते माहीत नसतं. चौथीच्या प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा तरी खरं पत्र पेटीत टाकायला लावावं असं माझं मत आहे, आणि ते मी सोडणार नाही.

तर तो लिफाफा. बाहेरचं कव्हर उघडलं. आत दोन वस्तू असायला हव्यात. एक, मतदाराच्या सहीचं घोषणापत्र, ज्याला आम्ही तेरा-ए म्हणतो. दुसरी, मतपत्रिका असलेला छोटा बंद लिफाफा, तेरा-बी. बाहेरचं कव्हर तेरा-सी. आत फक्त छोटा लिफाफा निघाला. घोषणापत्र नाही. मी कव्हर उलटं केलं, झटकलं, उजेडाकडे धरलं. नाही. छोटा लिफाफा मात्र हाताला जाड लागत होता. त्या माणसानं घोषणापत्र मतपत्रिकेबरोबर आतच घातलं होतं, हे टेबलावरच्या सगळ्यांना कळलं.

जाळीपलीकडचा एक प्रतिनिधी उठून म्हणाला, "साहेब, कागद आतच आहे. उघडा की!" दुसऱ्या पक्षाचाही म्हणाला, "आमची हरकत नाही, उघडा." सकाळपासून ते दोघं एकमेकांशी शब्द बोलले नव्हते. साहेबांनी, म्हणजे आमच्या टेबलावरच्या निवडणूक अधिकाऱ्यांनी, पुस्तिका काढली आणि नियम मोठ्यानं वाचला. घोषणापत्र सापडलं नाही, त्यावर सही नसली, साक्षांकन नसलं, किंवा त्यातला मतपत्रिकेचा क्रमांक आतल्या लिफाफ्यावरच्या क्रमांकाशी जुळला नाही, तर आतला लिफाफा उघडायचाच नाही. कारणही तिथेच समजलं. तो उघडला असता तर नाव आणि मत एकदम टेबलावर पडलं असतं, आणि कुणी कुणाला मत दिलं ते आम्हा सगळ्यांना कळलं असतं. त्यासाठीच तर लिफाफ्यात लिफाफा.

साहेबांनी शेरा लिहिला, खाली सही केली. लिफाफा नाकारलेल्या मतांच्या गठ्ठ्यात गेला. माझ्या बोटाला एक शीत चिकटलं होतं. ते मला बराच वेळ झटकता आलं नाही.

त्या माणसानं कागद मोजून कापला, घड्या घातल्या, शितं लावली, रांगेत उभं राहून तिकिटं घेतली असतील. एक कागद एका लिफाफ्यातून दुसऱ्यात गेला, आणि मत बंदच राहिलं. म्हणून ज्यांच्या घरात कुणी सैन्यात आहे किंवा भारताच्या दूतावासात नोकरीला आहे, त्यांनी हे लिहून घ्या. घोषणापत्र बाहेरच्या लिफाफ्यात. मतपत्रिका आतल्या लिफाफ्यात. पुन्हा सांगते. घोषणापत्र बाहेरच्यात, मतपत्रिका आतल्यात. सही करायची, अधिकाऱ्याकडून साक्षांकन घ्यायचं, आणि मोजणीच्या दिवशी सकाळी आठच्या आत पोचेल असं पाठवायचं. आठनंतर आलेला लिफाफा मोजत नाहीत.

त्यांच्याबरोबर राहणाऱ्या जोडीदारालाही ही सोय आहे. कायद्यात पूर्वी फक्त 'पत्नी' असा शब्द होता, म्हणजे जवानाच्या बायकोला सोय आणि महिला अधिकाऱ्याच्या नवऱ्याला नाही. २०२१ च्या दुरुस्तीनं तो शब्द बदलला. इतकी वर्षं का लागली, याचा मला आजही राग येतो.

आता माझ्या भाच्याचं उत्तर. तो खाजगी कंपनीत आहे. त्याला पोस्टानं मत देता येत नाही. त्याचं नाव मतदार यादीत लागू शकतं. २०१० च्या दुरुस्तीनं तो हक्क दिला आणि २०११ पासून तो लागू झाला. अर्ज फॉर्म सहा-ए. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेलं नसावं. नाव लागतं ते पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्याच्या मतदारसंघात. पण मत द्यायचं तर विमानानं यायचं, आपल्या केंद्रावर उभं राहायचं आणि मूळ पासपोर्ट दाखवायचा. मूळ पासपोर्ट, झेरॉक्स नव्हे.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१९ मध्ये १८ लाखांवर सेवा मतदारांची, म्हणजे सैनिक आणि परदेशात सरकारी नोकरीवर असलेल्यांची, नोंद होती, आणि त्यांच्याकडून सुमारे १० लाख ८४ हजार टपाली मतं परत आली. आणि २०२४ च्या लोकसभेला परदेशस्थ मतदार नोंदलेले १ लाख १९ हजारांवर, प्रत्यक्ष मत दिलं २,९५८ जणांनी. त्यातले २,६७० एकट्या केरळचे. शाबास त्या केरळच्या माणसांची! पण मे महिन्यात आखातातून यायचं भाडं गवंडीकाम करणाऱ्यानं कुठून आणायचं? फिलिपिन्सनं आपल्या परदेशातल्या कामगारांसाठी २००३ साली कायदा केला, आणि तिथली माणसं आमच्या भाच्याच्याच शहरातून मत देतात. आपल्याकडे प्रतिनिधीमार्फत मतदानाचं, म्हणजे परदेशातल्या मतदाराच्या वतीनं इथल्या माणसानं मत द्यायचं, असं विधेयक ऑगस्ट २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, आणि ती लोकसभा संपताच बारगळलं. २०२० मध्ये निवडणूक आयोगानं सैनिकांसारखी टपालाची सोय परदेशातल्या मतदारांनाही द्यावी असं कायदा मंत्रालयाला कळवलं. तो लिफाफा माझ्या भाच्याला मिळालाच पाहिजे, हे मी ठासून सांगते. घरी पैसे पाठवायला तो चालतो, मग मत पाठवायला का चालू नये?

सोय होईल तेव्हा ज्याचं नाव यादीत असेल त्यालाच ती मिळणार. तेव्हा सहा-ए आत्ताच भरा. फॉर्म सहा-ए. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर तो भरता येतो, सोबत पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत जोडायची. मग मतदान केंद्रस्तरीय अधिकारी इथल्या घरी चौकशीला येतात. त्या वेळी घरात असलेल्या आजीला किंवा वहिनीला आधी सांगून ठेवा. "तो इथे राहत नाही" एवढंच बोलून दार लावून घेतलं तर काम अडतं. आणि मुलगा कायमचा परत आला की त्याला साधा फॉर्म सहा पुन्हा भरावा लागेल.

आज गुरुवार. उद्या मस्कतला सुट्टी, म्हणजे रात्री फोनवर निवांत बोलता येईल. पासपोर्टच्या शेवटच्या पानावरचा पत्ता त्याच्याकडून वाचून घ्या, आणि तो आपल्या आताच्या घराचाच आहे ना, एवढं बघा. नमस्कार.