बाळदमा: दोष केळ्याचा नाही, हवेचा

नमस्कार मंडळी. पाऊस ओसरायला लागला की आमच्या दवाखान्यात एकच वाक्य ऐकू येतं, "डॉक्टर, पोरगं रात्रभर खोकालंय बघा, दिवसा मात्र ठणठणीत असतंय." खानापूरकडची आई असो नाहीतर निपाणीची आज्जी, पुढचं वाक्यपण ठरलेलं, "परवा केळं दिलं होतं, त्यानंच झालं." मग केळं बंद, दही बंद, पेरू बंद, आणि पोरगं खोकतंयच.

एखाद्या पोराला खाण्याची अ‍ॅलर्जी असते, नाही असं नाही. पण बाळदमा म्हणा, उब्बस म्हणा, त्याचं कारण बहुतेक वेळा ताटात नसतं, श्वासातनं आत जातंय. भाद्रपद-आश्विनात कुठल्याही मोकळ्या प्लॉटवर बघा, काँग्रेस गवत कमरेएवढं वाढून पांढऱ्या बारीक फुलांनी भरलेलं असतंय. 1950 च्या दशकात हे गवत पुण्यात नजरेला आलं आणि आता आपल्या रेल्वेरुळांपासून देवळाच्या मागंपर्यंत सगळीकडं आहे. त्याचे परागकण हवेत असतात, शिवाय साधं गवत आणि मका यांचं तर सगळं काम वाऱ्यावरच चालतंय. लोक मात्र दारातली जास्वंद तोडतात! अहो, जास्वंदीचे पराग जड आणि चिकट, ते वाऱ्यावर फार उडतच नाहीत. काढायचं तर काँग्रेस काढा, फुलं यायच्या आधी, हातमोजे घालून आणि तोंडाला फडकं बांधून, आणि त्या कामाला पोरांना नेऊ नका.

पराग नाकात अडकले की शिंका, डोळ्यांना खाज, पोरगं तळव्यानं नाक वर घासत बसतंय. अशाच काही पोरांच्या छातीतल्या नळ्या आतनं सुजतात आणि आवळतात, मग पहाटे खोकला, सुंई सुंई आवाज, पळाल्यावर धाप.

नुसत्या परागांवर खापर फोडून पण चालणार नाही. जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात भिंतीला ओल येती, बुरशी धरती, गाद्या-गोधड्या नीट वाळत नाहीत आणि त्यात डोळ्याला न दिसणारे धुळीतले किडे वाढतात. गोधडी 60 अंशाच्या कडक पाण्यात धुतली की ते मरतात. निपाणीकडं ज्यांच्या घरात बिड्या वळतात तिथं तंबाखूची धूळ, चिकोडीकडं उसाचा पाला पेटवला की धूर. आणि बाबा, तुमची सिगारेट. अंगणात जाऊन ओढली तरी वास कपड्याला लागून घरात येतोय.

आता पंपाचं, म्हणजे तोंडानं औषध ओढायच्या इनहेलरचं बोलू, कारण खरी भीती तिथंच आहे. "पंपाची सवय लागती, सिरप द्या." बरं, हिशेब करा. साल्ब्युटामॉल म्हणजे आवळलेल्या नळ्या मोकळ्या करणारं औषध, त्याच्या पंपाचा एक फवारा 100 मायक्रोग्रॅमचा, आणि त्याच औषधाच्या 5 मिली सिरपमध्ये असतंय 2 मिलीग्रॅम, म्हणजे वीसपट, आणि ते पोटातनं रक्तात, रक्तातनं अंगभर फिरून छातीत पोचणार, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडती. पंपाचं औषध थेट नळीत जातंय, मग जास्त जहाल कुठलं तुम्हीच सांगा. हा पंप त्रासाच्या वेळचा. सूज कमी ठेवणारा दुसरा असतो, रोजचा, आणि पोरगं बरं दिसलं की आई-बाप नेमका तोच बंद करतात, काय बोलायचं! तो डॉक्टरला न विचारता बंद करायचा नाही, आणि घेतल्यावर चूळ भरायची.

लहान पोराला पंप स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधली पोकळ नळी, लावूनच द्या. परवडत नाही म्हणून सोडू नका. 1999 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की प्लास्टिकच्या 500 मिलीच्या रिकाम्या बाटलीचा स्पेसर नीट बनवला तर तोपण काम देतोय. कसा करायचा ते डॉक्टरकडनं बघून घ्या.

दमा जातो म्हणून मृगाला हैदराबादला जाऊन औषध भरलेला जिवंत मासा गिळून येणारे पण आहेत, जाणाऱ्याला मी कोण अडवणार, पण पंप खिशात ठेवून जा.

बरगड्या आत ओढल्या जात असतील, एक वाक्य पुरतं बोलता येत नसेल, ओठ निळे पडत असतील तर सकाळची वाट बघू नका, वाटेत त्रासाच्या वेळचा पंप देत देत थेट मोठ्या दवाखान्यात. आणि शाळेत, कन्नड असू दे नाहीतर मराठी, पीटीच्या सरांना पंप दप्तराच्या कुठल्या कप्प्यात आहे ते दाखवून ठेवा, पोराला कबड्डीतनं काढायला मात्र सांगू नका. नमस्कार.