घारीचे वजन, गिधाडाचे पंख

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचे आहे ते वाळवंटातल्या शिकारी पक्ष्यांविषयी आणि त्यांची ओळख करून देणाऱ्या एका माहिती केंद्राविषयी. थरचे वाळवंट उजाड आहे असे आपण सहज म्हणतो, पण झाडी विरळ असल्यामुळे तिथे जमिनीवरचा सांडा (जाड शेपटीचा सरडा) किंवा उंदीर वरून स्पष्ट दिसतो, तापलेली हवा वर चढत असल्याने आकाशात तरंगणे सोपे जाते, आणि गुरे-उंट पाळणाऱ्या त्या मुलखात मेलेल्या जनावरांवर गिधाडांचे पोट भरते. बिकानेरजवळ जोडबीड येथे, जिथे मेलेली जनावरे टाकली जातात, हिवाळ्यात मध्य आशियातून आलेले स्टेप गरुड आणि गिधाडे शेकड्यांनी उतरतात.

आम्ही पाहिलेले केंद्र अशाच एका वाळवंटी उद्यानाच्या दाराशी आहे. तिथे काचेच्या कपाटात पेंढा भरलेले पक्षी नव्हते, याचा मला मनापासून आनंद झाला, कारण कसर लागलेल्या त्या पक्ष्यांकडे पाहून मुलांना फक्त डांबराच्या गोळ्यांचा वास तेवढा लक्षात राहतो. इथे टेबलावर वाळूच्या कापडी पिशव्या ठेवलेल्या होत्या आणि प्रत्येक पिशवी एकेका पक्ष्याच्या वजनाची होती. आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या आत्याबाई सोबत होत्या. मार्गदर्शकाने त्यांना विचारले, "माताजी, घारीचे वजन किती असेल?" आत्याबाईंनी आयुष्यभर गच्चीवर पापड राखताना घारी पाहिलेल्या, त्यामुळे त्यांनी ठासून सांगितले, "अडीच किलो." त्याने पिशवी हातात दिली. त्यांनी ती वरखाली केली, तराजूवर ठेवायला लावली, काटा नीट स्थिर नाही म्हणून पुन्हा ठेवायला लावली. सहाशे ग्रॅमच्या आसपास! "अहो, आमच्याकडे रविवारी याहून जास्त पोहे भिजतात," असे त्या म्हणाल्या आणि सगळे दालन हसले.

पण त्यांचे समाधान झाले नाही. फरशीवर पंखांचे विस्तार रंगाने आखलेले होते. आत्याबाईंनी पदर खोचला, खाली बसल्या आणि कोपरापासून बोटापर्यंत हात टेकवत मोजू लागल्या. घार तीन हातांहून थोडी जास्त भरली. शेवटची रेघ सिनेरियस नावाच्या मोठ्या गिधाडाची होती, ती सहा हात, म्हणजे नऊ फूट झाली. तोवर चार-पाच मुले त्यांच्यामागे रांगेने मोजत होती. तेव्हा मार्गदर्शकाने नेमके सांगितले की शरीर हलके आणि पंख रुंद, म्हणून घार पंख न हलवता तासन्तास घिरट्या घालते, आणि पाच-सहा किलोच्या भारतीय गिधाडाला मात्र जमीन तापून हवा वर चढेपर्यंत थांबावे लागते. ते सकाळी बसून राहते ते आळसाने नव्हे.

सहाशे ग्रॅम हा आकडा लक्षात ठेवा, श्रोतेहो. संक्रांतीला आपल्या इंदूरच्या आकाशात नायलॉनचा मांजा असतो, आणि त्यात पंख अडकलेल्या घारीला तो तोडता येत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 मध्ये बंदी घातली तरी तो विकला जातो. माझे विचाराल तर माळव्याची संक्रांत गिल्ली-दांड्याचीच बरी.

गिधाडांचे संकट वेगळे आहे. गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचा अंश मांसातून पोटात गेला की गिधाडांचे मूत्रपिंड निकामी होते. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या पंधरा वर्षांत 99 टक्क्यांहून अधिक घटली आणि 2006 मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली. ज्यांच्या घरी गाय-म्हैस आहे त्यांनी पशुवैद्यांकडे त्याऐवजी मेलोक्सिकॅम मागावे. पुन्हा सांगतो, मेलोक्सिकॅम. ते गिधाडांना सुरक्षित आहे.

थरला जायचे तर हिवाळ्यात जावे. तेवढा प्रवास जमत नसेल तर आपल्या मंदसौर-नीमचकडचे गांधीसागर अभयारण्य आहेच. तिथे चंबळेच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे याच दिवसांत एकेकच अंडे घालतात. दुर्बीण न्यावी आणि कड्यावर चुना ओतल्यासारखे पांढरे ओघळ शोधावेत. ते विष्ठेचे असतात, आणि घरटे त्यांच्या वरच्या कपारीतच असते. नमस्कार.