पातळी दहा: पेरणाऱ्याविना उभे शेत

[दृश्य: मळभ आलेले आकाश. त्याखाली क्षितिजापर्यंत पिकलेला गहू.]

मे २०१९ मध्ये इंटरनेटवर एका निनावी लेखकाने पिवळट भिंतींच्या एका रिकाम्या दालनाच्या छायाचित्राला जोडून काही ओळी लिहिल्या आणि त्यातून ‘बॅकरूम्स’ नावाचे भयविश्व उभे राहिले. वास्तवाच्या एखाद्या कच्च्या जागेतून माणूस आरपार निसटला, की तो ओल्या गालिच्याच्या, सतत गुणगुणणाऱ्या ट्यूबलाइटच्या, एकमेकांत उघडणाऱ्या खोल्यांत जाऊन पडतो, एवढीच मूळ कल्पना होती. ते छायाचित्र अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या ऑशकॉश येथील एका दुकानाचे असून नूतनीकरणाच्या वेळी २००२ मध्ये काढलेले आहे, याचा शोध २०२४ मध्ये लागला. तोपर्यंत असंख्य हौशी लेखकांनी त्या खोल्यांच्या पलीकडे शेकडो ‘पातळ्या’ रचल्या होत्या. त्यांपैकी दहाव्या पातळीवर ना छत आहे, ना भिंत. तिथे आहे फक्त गव्हाचे शेत.

या पातळीची वर्णने वेगवेगळ्या लेखकांनी वेगवेगळी केली आहेत, पण गाभा सर्वत्र सारखाच आहे: न संपणारा पिकलेला गहू, ढगांनी झाकलेले आकाश, अधूनमधून मातीचा रस्ता आणि फार दूरदूर अंतरावर एखादे लाकडी कोठार. बंद खोल्यांतून सुटून आलेल्या भटक्याला इथे सुरुवातीला मोकळा श्वास घेता येतो. पण तो सुटकेचा भाव थोडाच वेळ टिकतो. अनेकांना वाटते, की या जागेची भीती तिच्या रिकामेपणात आहे. मला मात्र ती भीती गव्हातच दिसते.

[दृश्य: एका ओंबीचे निकटदर्शन. दाणे, त्यांवरची कुसळे, मधली बारीक दांडी.]

पडद्यावरच्या या ओंबीकडे नीट पाहा. दाण्यांचे झुबके ज्या मधल्या दांडीला धरून असतात, ती दांडी रानटी गव्हात पिकल्यावर पेरापेरांतून आपोआप तुटते. सुटलेले दाणे जमिनीवर पडतात आणि दिवसरात्रीच्या हवेतील दमटपणा बदलतो, तशी त्यांची लांब कुसळे वाकतात, सरळ होतात आणि बी हळूहळू मातीत खुपसतात. रानटी गहू स्वतःच स्वतःला पेरतो. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियातील शेतकऱ्यांच्या हातून जो गहू निवडला जात गेला, त्याची दांडी मात्र पिकल्यावरही तुटत नाही. दाणे गळून वाया जाऊ नयेत, कापणी होईपर्यंत ओंबी अखंड राहावी, ही माणसाची सोय त्या झाडाच्या रचनेतच उतरली आणि त्या बदल्यात पिकाने एकट्याने तग धरण्याची आपली ताकद गमावली.

हे केवळ अनुमान नाही. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे ‘ब्रॉडबाल्क’ नावाच्या शेतावर १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. १८८२ मध्ये त्या शेताच्या एका टोकाला सुमारे अर्धा एकर उभे पीक न कापता तसेच सोडून देण्यात आले. नांगरणी नाही, खुरपणी नाही, पेरणी नाही. गळलेल्या दाण्यांतून पुढच्या वर्षी गहू उगवला खरा, पण तणाने त्याला भराभर मागे टाकले आणि १८८६ पर्यंत गव्हाची मोजकीच खुरटलेली रोपे उरली. त्या तुकड्याचा जो भाग पुढेही कोणी साफ केला नाही, तिथे आज झाडी उभी आहे. माणसाने हात काढून घेतल्यावर गव्हाचे शेत जेमतेम चार वर्षे टिकले.

आता दहाव्या पातळीकडे पुन्हा पाहा. तिथे तण नाही, झुडूप नाही. गहू सर्वत्र दाट आणि कापणीला आलेला आहे. असे शेत आपोआप असू शकत नाही. कोणीतरी ते नांगरले आहे, पेरले आहे, निंदले आहे, आणि ते काम अनंत क्षेत्रावर, एकही कोपरा न सोडता झाले आहे. वाळवंटात हरवलेला माणूस निदान हे जाणतो, की त्या वाळूला कोणाचीही गरज नाही. इथे पावलोपावली कोणाच्या तरी कामाची खूण आहे आणि काम करणारा मात्र कुठेच दिसत नाही.

[दृश्य: शेतातून चालणारी एक व्यक्ती, वरून टिपलेली. तिच्या मागे दबलेल्या गव्हाची वाट.]

आकाशावरचे मळभ हाही वातावरणनिर्मितीपुरता तपशील नव्हे. जर्मनीतील ट्यूबिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना सपाट जंगलातून काही तास सरळ चालत राहण्यास सांगितले होते. सूर्य दिसत होता तेव्हा ते बऱ्यापैकी सरळ गेले. ढगाळ दिवशी चालणारे चौघेही वळत वळत गोल फिरले आणि त्यांपैकी तिघांनी आपलीच वाट नकळत ओलांडली. डोळे बांधून चालणारे तर कधी कधी वीस मीटरपेक्षाही कमी व्यासाच्या वर्तुळात फिरले. आपल्या आतला दिशेचा अंदाज पावलागणिक थोडा थोडा चुकत जातो आणि ती चूक दुरुस्त करायला बाहेरची एखादी स्थिर खूण लागते. ज्या जागेत सूर्य नाही, सावली नाही, डोंगर नाही, तिथे ‘एकाच दिशेने चालत राहू, कधीतरी शेवट येईल’ हा बेत अमलात आणणेच अशक्य आहे. जागा अनंत असण्याची तिथे गरजही नाही. पुरेसे मोठे, पण मर्यादित शेतसुद्धा अशा माणसाला पुरून उरेल.

क्षितिजाची गोष्ट याहून विचित्र आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे सपाट प्रदेशात उभ्या माणसाला जमीन साधारण साडेचार किलोमीटरपर्यंतच दिसते आणि दहा मीटर उंचीचे कोठार सुमारे सोळा किलोमीटरपलीकडे पूर्णपणे झाकले जाते. खऱ्या अर्थाने अनंत आणि सपाट असलेल्या शेतात असे काहीही झाकले जाणार नाही. तिथली प्रत्येक वस्तू फक्त लहान होत जाईल आणि हवेतल्या धुरकटपणात विरेल. म्हणजे दूरवरचा तो करडा ठिपका आठवडाभराच्या चालीवर आहे की महिनाभराच्या, हे नजरेने ठरवण्याचे आपले सवयीचे माप तिथे निरुपयोगी ठरते. त्यात कंबरेइतक्या पिकात जो दमून खाली बसेल, तो काही पावलांवरून चालणाऱ्या सोबत्यालाही दिसणार नाही.

[दृश्य: गव्हामधून जाणारा मातीचा रस्ता.]

या शेतात दबा धरून बसलेले प्राणी घालण्याचा मोह अनेक लेखकांना आणि चित्रफितकारांना होतो. माझ्या मते त्याने ही पातळी दुबळी होते. हल्ला करणारा प्राणी दिसला, की भीतीला तोंड आणि दात मिळतात, पळायची दिशा कळते आणि गव्हाचे प्रश्न मागे पडतात. ज्या लेखकांनी फक्त पीक, आकाश आणि रस्ता एवढ्यावर भागवले, त्यांचे काम अधिक टिकाऊ आहे.

त्यातही रस्ता हा तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो. रस्ता धरला, की गोल फिरण्याचा धोका टळतो, म्हणून भटका त्यावर येणारच. पण मातीच्या रस्त्यावर रहदारी थांबली, तर काही हंगामांतच तोही तणाखाली जातो. दहाव्या पातळीवरचा रस्ता मोकळा आहे, म्हणजे त्यावरून कोणाची तरी ये-जा नियमितपणे चालू आहे. पीक कापणीला आले आहे आणि भटका नेमका त्याच रस्त्याने चालला आहे.